लाल लाळेरी

देवळाच्या कमानीशी मी बूट काढले, मोजे काढून त्यांत कोंबले आणि अनवाणी आत निघाले. थंडी अशी की दगडावर पाय ठेवल्याबरोबर कळ गुडघ्यापर्यंत आली. तरी मी चालत राहिले, देवाच्या दारात कुरकुर कसली करायची म्हणून.

"आई, बूट घाला," मागून मृण्मयी म्हणाली. "इथं अंगणात नाही काढत. आत गाभाऱ्यात जायचं असेल तरच, तिथल्या पायरीशी."

"देवळात? बूट घालून?"

"सगळे बघतायत हो."

सगळे म्हणजे दोन बसभर जपानी म्हातारे-म्हाताऱ्या. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं, ती कला त्या लोकांना फार छान येते. मी तिथंच एका पायावर उभी राहून मोजे चढवले. मिरजेच्या मुलींच्या शाळेत जन्मभर पीटी शिकवली होती, त्यामुळे साठी उलटल्यावरही एका पायावर तोल सावरणं मला जमायचं आणि त्याचा मला तोराही होता. आता भिंतीला धरल्याशिवाय जमत नाही. बरीच वर्षं झाली या गोष्टीला.

मृण्मयी माझी सून. पुण्यात जपानी शिकलेली, तिथल्या लोकांशी त्यांच्यासारखंच वाकून बोलणारी. माझा मुलगा निरंजन नागोयाजवळ मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता. त्याचं जपानी 'धन्यवाद' आणि 'माफ करा' यांच्या पुढं फारसं गेलं नव्हतं, म्हणजे बायकोच्या जिवावरच तो तिथं टिकला होता म्हणा ना. त्याआधीच्या वर्षी आठव्या महिन्यात मृण्मयीचं बाळ पोटातच गेलं. तेव्हा ह्यांचं बायपास नुकतंच झालेलं, मला जाता आलं नाही. फोनवर काय बोलायचं ते मला कळेना आणि तिलाही.

आणि आता निरंजनला पुण्यात चांगली जागा मिळत होती. महिनाअखेर कळवायचं होतं. तर ही म्हणाली, मी येणार नाही, तुला जायचं तर जा. कारण विचारलं तर कारण नाही. नागोयात तिचं ना माहेर ना सासर, नोकरीही घरी बसून भाषांतरं करण्याची, ती पुण्यातही झाली असती. निरंजननं मला फोन केला, "आई, तू ये. तुझं ऐकेल ती." माझं कोण किती ऐकतं ते मला चांगलं ठाऊक होतं, पण त्याचा आवाज ऐकून मी पहिलं विमान धरलं.

जाऊन आठवडा झाला तरी विषय काढायला फट सापडत नव्हती. दोघं भांडत असते तर बरं झालं असतं, मी मध्ये पडले असते. ती दोघं भांडत नव्हती. उद्या कुठला कचरा बाहेर ठेवायचा, प्लास्टिकचा की ओला, एवढंच एकमेकांशी बोलत होती. जपानात कचऱ्याचे फार नियम असतात, त्यामुळे तो विषय रोज पुरायचा. जेवताना तिघांच्या मध्ये नुसता भांड्यांचा आवाज. असंच चाललं तर तो पुण्यात आणि ही इथं, मग पुढं काय होणार हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

अशात तीच म्हणाली, "आई, उद्या तुम्हाला एक देऊळ दाखवते. बुद्धाचं आहे. डोंगरावर पानं लाल झालीत, लांबून लांबून लोक बघायला येतात." मी म्हटलं चला, बाहेर पडल्यावर तोंड उघडेल. आगगाडीत मी सहज विचारलं, तू आधी आली असशील ना इथं. "नाही," खिडकीबाहेर बघत ती म्हणाली. "ऐकून होते."

आणि देऊळ होतं खरंच देखणं. मी देवळं काही कमी पाहिलेली नाहीत, पण इतकी निगा राखलेलं देऊळ मी तोवर पाहिलं नव्हतं. काळ्याभोर लाकडाचं छप्पर, वर शेवाळ, आणि ते शेवाळसुद्धा कुणी तरी विंचरून ठेवल्यासारखं. मेपलची झाडं अशी पेटलेली की खालची पांढरी खडी तांबूस दिसत होती. एक म्हातारा लांब झाडूनं पानं गोळा करत होता आणि गोळा करून झाल्यावर त्यातली थोडी पुन्हा वाटेवर टाकत होता. मी मृण्मयीला विचारलं, याचं डोकं ठिकाणावर आहे ना. ती म्हणाली, अगदीच झाडून टाकलेलं अंगण त्यांना उघडं वाटतं. मला ते पटलं. पीटीच्या मैदानावर फक्की मारणाऱ्या आमच्या गडीमामांनाही कधी इतकं सुचलं नसतं.

कमानीच्या आत दगडी कुंड होतं, त्यावर बांबूच्या पळ्या ठेवलेल्या. मी पुढं होऊन एक पळी भरून घेतली, उजव्या तळहातावर पाणी घेतलं, पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

मृण्मयी हसली. आवाज करून हसली. "आई, ते हात धुवायचं पाणी आहे."

"असू दे. तीर्थ म्हटलं की तीर्थ."

शेजारच्या एका जपानी बाईनं माझ्याकडं बघितलं आणि तिनंही ओला हात हळूच केसांवरून फिरवला. मग तर मृण्मयीला हसू आवरेना. आठवड्यात पहिल्यांदा मला तिचे दात दिसले. लग्नात ती अशीच हसत होती, अक्षता डोळ्यांत गेल्या तरी हसत होती.

गाभारा अंधारा होता. आत खूप खोलवर बुद्धाची मूर्ती, सोनेरी, पण सोनं दिसतच नव्हतं. जरा वेळ उभं राहिलं की आधी एक गुडघा दिसायचा, मग मांडीवरचा हात, मग अगदी शेवटी चेहरा. तिथं कुणी "चला, पुढं चला" म्हणणारं नव्हतं. आमच्याकडं देवापुढं डोळे मिटावेत तर कुणी तरी खांद्याला धरून पुढं ढकलतंच. इथं माझ्या मागं वीसएक माणसं उभी होती आणि कुणाच्या घशातून खाकरण्याचासुद्धा आवाज नाही. मला त्या शांततेचा हेवा वाटला. आपल्या घरातही आठवडाभर शांतताच होती, पण ती अशी नव्हती.

बाहेर आल्यावर मी बाकावर बसले आणि सरळ विचारलं, "पुण्याचं काय ठरवलंस गं?"

तिचं हसू गेलं. "वर जाऊ या का आपण? वरची पानं जास्त लाल आहेत."

"पानं कुठं पळून जात नाहीत."

"जातात, आई. दोन-तीन दिवसांत सगळी जातात." आणि ती चालायला लागली. मीही मुकाट्यानं मागं निघाले. विषय काढायची माझी ही पद्धत काही सूनबाईंना पचणारी नव्हती, एवढं मला कळलं.

देवळाच्या मागं डोंगरात पायऱ्या कोरलेल्या होत्या. वळण घेतलं आणि मी थांबलेच. समोर अख्ख्या उतारावर रांगांमागून रांगा, वीत-दीड वीत उंचीच्या दगडी मूर्ती. गोल गुळगुळीत डोकी, मिटलेले डोळे, जोडलेले हात आणि ओठांवर झोपेतलं हसू. प्रत्येकाच्या गळ्यात लाल लाळेरं बांधलेलं. कुणाच्या डोक्यावर लोकरीची टोपी, कुणापुढं खुळखुळा, कुणापुढं रंगीत भिंगरी. वारा आला की सगळ्या भिंगऱ्या एकदम फिरायच्या. बसमधली माणसं फोटो काढत होती.

"अगं बाई, किती गोड," मी म्हटलं. "हे कोण?"

"जिझो. लहान मुलांचा देव."

मला वाटलं, आपल्याकडं रांगता बाळकृष्ण असतो तसंच काही असणार. मी पुढं झाले. एकाची टोपी डोळ्यांवर आली होती, ती सारखी केली. असा गालफुग्या होता तो की हात लावल्याशिवाय राहवेना. इतकी माणसं येतात, टक लावून बघतात, फोटो काढतात, नजर लागायची एखाद्याची. मी पर्समधून काजळाची डबी काढली, करंगळी बुडवली आणि त्याच्या उजव्या गालावर छान ठसठशीत तीट लावली. मग दोन्ही हात त्याच्यावरून ओवाळून माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा मोडली. म्हणजे खूप नजर लागलेली होती.

"आई!" मृण्मयीचा आवाज चिरकला.

मी वळले तर दोन पायऱ्या खाली एक म्हातारी उभी. अंगात एप्रन, हातात पाण्याची बादली आणि ब्रश. ती माझ्याकडं बघत नव्हती, त्या काळ्या ठिपक्याकडं बघत होती. मृण्मयी कंबरेत वाकली, उठली, पुन्हा वाकली आणि भराभरा काही बोलत राहिली. तिचे कान लाल झाले होते. मला जपानी येत नाही, पण माफी कुठल्याही भाषेत कळते.

"काय केलं मी? देवाला तीट लावली तर काय बिघडलं?"

"आई, ही मूर्ती त्यांची आहे. म्हणजे देवळाची नाही, त्यांची स्वतःची. या सगळ्या कुणाकुणाच्या आहेत."

"म्हणजे?"

ती थांबली. मग एकेक शब्द ठेवल्यासारखं बोलली. "ज्यांची मुलं जन्माआधी गेली, किंवा जन्मून लगेच गेली, ते इथं एक मूर्ती बसवतात. त्यांच्या मुलासाठी."

मी त्या उताराकडं पुन्हा बघितलं. मघाशी जे गोड दिसलं होतं ते तेच होतं, एक टोपीही हललेली नव्हती. पण आता मला ते मोजवेना. माझी काळी करंगळी मी पदरात लपवली.

म्हातारीनं बादली खाली ठेवली आणि काही तरी विचारलं. मृण्मयीनं उत्तर दिलं, स्वतःच्या गालावर बोट टेकवून दाखवलं. तीट म्हणजे काय ते सांगत असावी. म्हातारी ऐकत राहिली. मग मूर्तीसमोर उकिडवी बसली. मला वाटलं, आता ब्रशनं घासून काढणार. तिनं ओल्या फडक्यानं मूर्तीचं डोकं पुसलं, हात पुसले, डावा गाल पुसला आणि उजवा तसाच ठेवला.

मी मृण्मयीला विचारलं, काय म्हणाल्या. ती म्हणाली, त्यांचा मुलगा होता. साठ सालच्या आसपासची गोष्ट. त्या म्हणतायत की तो इतका सुंदर आहे की कुणाची नजर लागेल, हे आजवर कुणी त्यांना म्हटलं नव्हतं.

मला काय करावं सुचेना, म्हणून मी नमस्कार केला. म्हातारीनंही केला, आपल्यासारखा, हात जोडून. मोरिता त्यांचं आडनाव. मी त्यांना मोरिताबाई म्हणायला लागले आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

उठताना त्या मृण्मयीला आणखी काही म्हणाल्या. सगळं जपानी माझ्या डोक्यावरून गेलं, पण त्यातला एक शब्द मला स्पष्ट कळला. त्या म्हणाल्या, "मृनमाई-सान."

मृण्मयीनं त्याचं भाषांतर केलं नाही.

"तुझं नाव कसं माहीत यांना?" मी विचारलं. "तू तर पहिल्यांदा येतेयस."

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. ती वळून वरच्या रांगेकडं चालायला लागली. मी मागोमाग. बांबूच्या बेटाखाली, रांगेच्या अगदी टोकाला ती थांबली.

तिथली मूर्ती बाकीच्यांसारखीच होती, जरा नवी, शेवाळ न धरलेली. गळ्यातलं लाळेरं मात्र जपानी नव्हतं. लाल होतं, पण त्याला हिरवे काठ होते आणि अंगावर बारीक नक्षी. खणाचं होतं ते. आणि तो खण मी ओळखला. डोहाळजेवणाला मला जाता येणार नव्हतं, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरायला मी मिरजेहून जो खण पाठवला होता, तोच तो. दुकानदाराला चार गठ्ठे उलगडायला लावून निवडला होता मी.

मी खाली बसले. माझ्या नातवंडासमोर बसायला मी सात समुद्र ओलांडून आले होते आणि मला ते आत्ता कळत होतं.

"मुलगी होती," मृण्मयी म्हणाली. "एवढं डॉक्टरांनी सांगितलं. मला खूप रक्तस्राव झाला होता, मी शुद्धीवर आले तेव्हा सगळं आवरून झालं होतं. निरंजननं सगळं केलं. मी तिला बघितलंच नाही, आई."

"त्याला विचारलंस? कशी होती म्हणून?"

"एकदा. तो म्हणाला, तो विषय नको. त्याचा आवाज असा झाला की मी पुन्हा नाही विचारलं." तिनं लाळेऱ्याची गाठ सारखी केली. "इथं म्हणतात, आईवडिलांच्या आधी गेलेल्या मुलांना नदी ओलांडता येत नाही. ती काठावर दगडावर दगड रचत बसतात. मग जिझो येतो आणि त्यांना अंगरख्यात लपवून पलीकडं नेतो. लाळेरं देवाला नसतं. आत लपलेल्याला असतं. मला माहितेय, हा दगड आहे. मी वेडी नाही. पण मी पुण्याला गेले तर तिच्याकडं कोण येणार?"

तर हे कारण होतं. तिला निरंजनला जे सांगता येत नव्हतं आणि मला ज्याची फट सापडत नव्हती ते. आमच्याकडं अशा बाळाचं काहीच करत नाहीत. सोयर नाही, सुतक नाही, नाव नाही, वर्षाला पानही नाही. जणू आलंच नव्हतं. आणि इथं लोकांनी अख्खा डोंगर त्यांना देऊन टाकला होता, त्यांच्या टोप्या विणत होते, त्यांना आंघोळ घालत होते. त्या लोकांबद्दल मला त्या क्षणी जे वाटलं ते आदर म्हणण्यापेक्षा मोठं होतं. मी रडले. सुनेसमोर रडायचं नाही असा माझा नियम होता, तो मोडला.

मोरिताबाई बादली घेऊन वर आल्या. मला रडताना बघून त्यांनी एप्रनच्या खिशातून रुमाल काढून दिला, इस्त्रीचा. मी मृण्मयीला म्हटलं, यांना विचार, एखादी आई लांब गावी गेली तर तिच्या मूर्तीचं काय होतं.

तिनं विचारलं. मोरिताबाईंना तो प्रश्नच चमत्कारिक वाटला असावा. त्यांनी हात करून आजूबाजूची लाळेरी दाखवली. मृण्मयीनं ऐकलं आणि मग मला सांगितलं. "त्या म्हणतात, कुठली मूर्ती कुणाची हे कुणी बघत नाही इथं. जिचं लाळेरं विटलेलं दिसेल तिचं बदलायचं. त्यांच्या मुलाची टोपी कुणी विणली ते त्यांनाही माहीत नाही. दर हिवाळ्यात नवी येते." मग अगदी हळू म्हणाली, "मलाही हे माहीत नव्हतं. मी आले की फक्त हिच्यापाशीच बसायचे."

मी निरंजनला फोन लावला. कामाच्या वेळात त्याला फोन केलेला चालायचा नाही, पण मला कोण अडवणार होतं. मी म्हटलं, ज्या स्टेशनामागच्या डोंगरावर लाल पानांचं देऊळ आहे तिथं उतर आणि ये. तो घाबरला, तुला काही झालंय का म्हणून विचारायला लागला. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, पण तू आला नाहीस तर तुला होईल. मृण्मयीनं नको नको म्हणून माझा हात धरला. मी हात सोडवला नाही आणि फोनही ठेवला नाही.

तो आला तेव्हा बसमधली माणसं निघून गेली होती. अंगात कंपनीचं निळं जाकीट, छातीवर नावाची पट्टी, पायऱ्या धावत चढल्यामुळं धापा टाकत. मला धडधाकट बघून त्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तो चिडला. मग त्यानं मृण्मयीकडं बघितलं, तिच्या शेजारच्या मूर्तीकडं, खणाकडं. त्याला खण ओळखता आला नसणार, पुरुषांना कुठला आलाय. पण त्याला कळलं. तो चिडायचा थांबला.

"कधी?" त्यानं एवढंच विचारलं.

"मागच्या डिसेंबरात," मृण्मयी म्हणाली. "तुला सांगणार होते."

तो उभा राहिला. जवळ येईना, लांबही जाईना. मला लहानपणचा निरंजन आठवला, काही फुटलं की तो असाच उभा राहायचा. म्हणून मी माझा पीटीचा आवाज काढला. "हिचं बारसं राहिलंय. आज करायचं."

"आई, असं नसतं करत."

"कुणी सांगितलं? आजवर केलं नसेल, आज करू. बस खाली."

बसला. पण बारशाला आत्या लागते, आणि ती होती कोल्हापुरात. वैजयंती, निरंजनची धाकटी बहीण, बँकेत नोकरीला. तिकडं बँकेच्या ऐन गर्दीची वेळ होती. मी तिला सगळं सांगितलं, थोडक्यात, न रडता. तिच्या मागं माणसांचा गलका ऐकू येत होता. मग म्हणाली, "थांब, आतल्या खोलीत जाते." दार लागल्याचा आवाज आला. "नाव काय ठेवायचंय?"

मी मृण्मयीकडं बघितलं.

"जुई," ती म्हणाली. जिभेवर ठेवलेलंच होतं.

"आता फोन तिच्या कानाला लाव," वैजयंती म्हणाली. "आणि नीट लाव. तुझा हात हलतो."

मी फोन दगडी कानाशी धरला. गार होता तो कान. एरवी आत्यानं कानात नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालून तिला बेजार करतात. इथं आत्या कोल्हापुरात, धपाटे घालायचे कुणाला. मोरिताबाई ओल्या हातांनी नमस्कार करून बाजूला उभ्या होत्या. सगळं इतकं शांत होतं की पलीकडून वैजयंतीनं घेतलेला श्वाससुद्धा आम्हाला ऐकू आला.

"जुई," फोनमधून आवाज आला. "जुई गं. कुर्रर्र."

आणि मग तिकडं वैजयंतीच हमसून रडायला लागली, तेव्हा मी फोन बंद केला.

पुढं ते दोघं पुण्याला आले, पण लगेच नाही. ती जागा निरंजननं सोडली. दुसरी मिळायला दोन वर्षं गेली आणि तेव्हा मृण्मयीनंच सामान बांधायला काढलं. दोन हिवाळे दोघं मिळून त्या डोंगरावर जात राहिले आणि दिसेल त्याचं लाळेरं बदलत राहिले. पण त्या दुपारी यातलं काही ठरलं नव्हतं. कुणी पुण्याचं नावही काढलं नाही.

फोन बंद केल्यावर आम्ही चौघं तिथंच होतो. मृण्मयी निरंजनकडं बघत होती, त्याच्या चेहऱ्यावर काही तरी शोधत असल्यासारखी. मग तिनं विचारलं. "कशी होती रे ती?"

मला वाटलं, आता तो उठून जाणार. त्याचा जबडा हललासुद्धा. त्यानं हात पुढं केला आणि जुईच्या लाळेऱ्याचा काठ चिमटीत धरला.

"केस खूप होते," तो म्हणाला. "ओले होते, कपाळाला चिकटलेले. नर्सनं पुसून मागं केले, तर इथपर्यंत."

"आणि?"

"हनुवटीला खळी. तुझ्यासारखी." तो थांबला. "मी तिला घेतलं होतं, मृणू. त्यांनी विचारलं, घ्यायचंय का. मी घेतलं. तुला कसं सांगू? तू घेतलं नव्हतंस आणि मी घेतलं होतं."

मृण्मयीनं तोंडावर हात दाबून धरला. मग तो काढला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, आईनं बाळाविषयी विचारावं तसं. "नखं होती?"

"होती," निरंजन म्हणाला. "वाढली होती. कापायला झाली होती."